गेले एका कामाला, शिकले दुसरंच

टेंभुर्णीहून पंढरपूरला जाताना वाटेत करकंब लागतं. उजनी धरणाचं पाणी या पट्ट्यात आलं तसा ऊस वाढला, द्राक्षं वाढली आणि शिकायला गावाबाहेर पडणारी मुलंही वाढली. पूर्वी बाहेर म्हणजे पंढरपूर, सोलापूर, फार तर पुणं. आता परदेशाचं नाव निघालं तरी घरात कुणी दचकत नाही. विचार होतो तो भाषेचा. तिकडची भाषा जमेल का, परीक्षा निघेल का, क्लास किती महिने लावावा लागेल, खर्च किती येईल. हे प्रश्न योग्यच आहेत. पण परक्या मुलखात, परक्या भाषेत ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं त्यांची चरित्रं वाचली की ध्यानात येतं, भाषा ही त्यांच्या कमाईतली लहान बाब होती. भाषा शिकता शिकता त्यांच्या हाताला, डोळ्यांना, शिकवण्याच्या रीतीला असं वळण लागलं, जे घरून निघताना त्यांच्या मनातही नव्हतं.

यातलं सगळ्यांत ठळक उदाहरण पाहायला करकंबकरांना जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. सोलापुरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचं स्मारक आहे. त्यांचा जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910चा. व्ही. शांताराम यांनी 1946 साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि हे नाव देशभर पोचलं. चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, तिथेच वारले, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांचा त्याग मोठाच आहे. पण त्या त्यागाच्या तेजात त्यांचं शिकणं झाकून गेलं, असं मला वाटतं. सव्वाचार वर्षांत हा तरुण सर्जन चीनमध्ये काय काय शिकला, याकडे आपण फारसं पाहिलेलं नाही.

आधी सोलापूरबद्दल थोडं. हे शहर एका भाषेचं कधीच नव्हतं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत तेलुगू, लिंगायत पेठांतून कन्नड, मुसलमान मोहल्ल्यांत दखनी, आणि सगळ्यांना सांधणारी मराठी. गिरणीच्या फाटकाशी, बाजारात, दवाखान्यात माणसं एका वाक्यात दोन भाषा वापरतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पंढरपुरातही आषाढी-कार्तिकीला प्रासादिक वस्तूंच्या दुकानांत कन्नड आणि तेलुगू भाविकांशी व्यवहार चालतो. कोटणीसांना यातल्या किती भाषा येत होत्या याला इथे महत्त्व नाही. न समजणारी भाषा कानावर पडली तरी बिचकायचं नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं, ही सवय सोलापूरच्या हवेतच आहे, एवढंच सांगायचं आहे. पुढे ती फार कामी येणार होती.

मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले कोटणीस पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असताना चीनची हाक आली. जुलै 1937 मध्ये जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी वैद्यकीय मदतीसाठी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहिलं. 1938 साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीनं ते मुंबईहून निघाले. पाचांपैकी कुणीही चिनी जाणणारा नव्हता. अटल तेवढे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. म्हणजे युद्ध माहीत असलेलाही एकच.

वुहानला पोचले तोवर ते शहर पडण्याच्या बेतात होतं. यांगत्से नदीतून वर चुंगकिंगला जावं लागलं. तिथे या पाचही जणांना चिनी नावं मिळाली. कोटणीस झाले ‘क दीहुआ’. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोचलं. डोंगराच्या पोटात कोरलेल्या गुहांमध्ये राहायचं, तिथेच रुग्ण ठेवायचे. इथवर सगळा कारभार दुभाष्यांवर चालला होता. दुभाष्या असला की डॉक्टरला काही अडत नाही, हे खरं. पण तो काही शिकतही नाही. खरा बदल पुढे झाला. चोळकर, मुखर्जी आणि मागाहून अटल मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू राहिले, आघाडीकडे सरकले, आणि 1940 च्या उन्हाळ्यात शान्सी, चाहार आणि हबेई या तीन प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात दाखल झाले. जपानी फौजांच्या वेढ्याच्या आतला हा प्रदेश. जखमी सैनिक येत होते ते त्या भागातल्या शेतकऱ्यांची मुलं होती आणि बोलत होते ती पुस्तकातली चिनी नव्हती.

आता वैद्यकीच्या दृष्टीनं विचार करा. मराठी मुलखातला रुग्ण डॉक्टरला सांगतो तेव्हा निम्मं निदान त्याच्या तोंडून येतं. ठणका लागलाय, कळ येते, सणक जाते, आग होते, चमक भरते, कुरतडल्यासारखं वाटतं. अनुभवी डॉक्टर या शब्दांवरून पुवाचा ठणका कुठला आणि आतड्याची कळ कुठली ते ओळखतो. परक्या मुलखात हा खजिना एका दिवसात नाहीसा होतो. रुग्ण बोलतो आहे, कळवळून बोलतो आहे, आणि डॉक्टरला त्यातलं ‘दुखतं’ एवढंच कळतं आहे. मग राहतं काय? बोटं. पोटावर हात ठेवला की कुठे स्नायू आवळतो, कुठल्या जागी श्वास अडकतो, पाय हलवताना भुवई कुठे चढते, कातडी कुठे गरम लागते, नाडीचा वेग कसा बदलतो. वैद्यकीय शिक्षणात हे सगळं शिकवलेलं असतंच. पण बोलण्याची वाट मोकळी असली की हात आळशी होतात. वाट बंद झाली की त्यांना कामाला लागावं लागतं. परक्या भाषेत काम केलेल्या डॉक्टरांना विचारा. हाताची जाण तिथे वाढली, असं सांगणारे कितीतरी भेटतील.

ऑगस्ट 1940 मध्ये आठव्या मार्ग सेनेनं शंभर पलटणींची मोठी मोहीम उघडली. त्या धुमश्चक्रीत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याची हकिगत त्यांच्या चरित्रात येते. इथे वीज नव्हती, औषधं तुटपुंजी होती, टेबल म्हणजे एखाद्या देवळातलं किंवा शेतघरातलं फळकूट. त्यांच्या आधी याच भागात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करून गेले होते. बेथ्यूननी खेचराच्या पाठीवर लादता येईल असं फिरतं शस्त्रक्रियागृह बनवून घेतलं होतं. शस्त्रक्रियेत बोटाला जखम होऊन ती चिघळली आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी ते वारले. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस जानेवारी 1941 मध्ये प्रमुख झाले. वय तीस.

माझ्या मते त्यांच्या शिकण्याचा कळस या रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत आहे. हबेई प्रांतातल्या तांग परगण्यात, गगोंग गावात, ते शस्त्रक्रिया शिकवत. चिनी भाषेत. चीनच्या भूमीवर पाय ठेवून त्यांना तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. विद्यार्थी बहुतेक खेड्यातले, शाळेत थोडंच शिकलेले. समोर इंग्रजी पुस्तक ठेवून चालणार नव्हतं, कारण ते कुणाला वाचता येत नव्हतं. मुंबईच्या कॉलेजात ज्या तऱ्हेनं ते स्वतः शिकले होते ती तऱ्हा इथे कुचकामी होती. इंग्रजीतून शिकलेलं शरीरशास्त्र मराठी डोक्यात साठवलेलं आणि चिनी तोंडानं सांगायचं, तेही चार सुरांच्या भाषेत, जिथे सूर चुकला की अर्थ बदलतो.

अशा शिक्षकाला एक गोष्ट करावीच लागते. त्याला स्वतःच्या विषयाची उतरंड पुन्हा लावावी लागते. जवळ शब्द थोडे असले की आधी काय सांगायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवावं लागतं. मातृभाषेत शिकवताना आपण भिंतीच्या भेगांवर चुना मारावा तसं बोलण्यानं पुष्कळ काही झाकतो. आपल्यालाच नीट न कळलेली जागा ‘म्हणजे थोडक्यात असं की’ म्हणून ओलांडून जातो. थोड्या शब्दांत हे जमत नाही. जे स्वतःला स्वच्छ कळलेलं नाही ते परक्या भाषेत सांगताच येत नाही, तिथे गाडी अडते. मग ती जागा पुन्हा समजून घ्यावी लागते. म्हणून मी म्हणतो, कोटणीस चीनमध्ये चिनी शिकले त्याहून जास्त शस्त्रक्रिया शिकले.

याचा पुरावा त्यांनी मागे ठेवला आहे. या व्याख्यानांतून त्यांनी शस्त्रक्रियेच्या सर्वसाधारण तत्त्वांवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यानंतर एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेची तपशिलात माहिती देणाऱ्या दुसऱ्या पुस्तकाला हात घातला. सोलापूरचा माणूस, चिनीत ग्रंथकार! आणि हे सगळं जपानी फौजांच्या धाडी चालू असताना. धाड आली की रुग्णालय आणि शाळा उचलून डोंगरात हलायचं, शत्रू गेला की परत यायचं. नोव्हेंबर 1941 मध्ये त्यांनी त्याच शाळेतल्या परिचर्याशिक्षिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. 9 डिसेंबर 1942 रोजी ते वारले. दुसरं पुस्तक अपुरं राहिलं.

हा अनुभव फक्त शल्यविशारदांचा आहे असं नाही. पंडिता रमाबाईंचं पाहा. तोंडानं जिंकणारी बाई म्हणून त्यांची कीर्ती होती. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचं संस्कृत वक्तृत्व आणि शीघ्र काव्यरचना ऐकून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुराणं तोंडपाठ, वादात हार नाही. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला. समारंभ 11 मार्चला झाला. परत फिरायचं सोडून रमाबाई अमेरिकेत राहिल्या, आणि त्यांनी तिथे काय शिकायला घेतलं? बालवाडी चालवण्याची पद्धत. जर्मनीच्या फ्रीड्रिश फ्रोबेलनी घालून दिलेली ही पद्धत. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम. मूल हातात वस्तू धरतं, फिरवतं, जुळवतं, मोडतं. बोलणं मागाहून येतं.

हा योग मला विलक्षण वाटतो. पाठांतराच्या परंपरेत वाढलेली, वाणीवर पोट भरलेली स्त्री परक्या देशात, परक्या भाषेत आल्यावर नेमकी अशी विद्या उचलते जिच्यात शब्दाची गरज सगळ्यांत कमी आहे. इंग्रजी त्यांना उत्तम येऊ लागली होती, त्याच भाषेत त्यांनी 1887 मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं आणि अमेरिकाभर व्याख्यानं दिली. तरी संस्कृतात मिळणारी सहजता इंग्रजीत मिळत नसणार. शब्दांशिवायही शिकवता येतं ही गोष्ट, शब्द कमी पडल्याचा अनुभव घेतल्यावरच पुरती पटते. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं, तेव्हा अशा मुली समोर होत्या ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि ज्यांना बोलायचीही भीती वाटत होती. तिथे फिलाडेल्फियातली विद्या वेदविद्येपेक्षा उपयोगी पडली.

आजच्या मुलांचं काय? फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठी मुलामुलींना जर्मन शिकवून पाठवायचं असा बेत. भाषेच्या पायऱ्या युरोपात ठरलेल्या आहेत, ए-1 पासून सी-2 पर्यंत. रुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका व्हायचं तर साधारण बी-2 ची पायरी लागते. क्लासमध्ये बी-2 पर्यंत पोचलेली मुलगी श्टुटगार्टजवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात कामाला लागते आणि पहिल्याच दिवशी तिला कळतं, की तिथले म्हातारे पुस्तकी जर्मन बोलतच नाहीत. ते श्वेबिश बोलतात, तिथली बोली. त्यात काहींना स्मृतिभ्रंश झालेला. ते अर्धं वाक्य बोलून थांबतात.

शिवाय तिथे परिचारिकेच्या कामात रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, उठवून खुर्चीत बसवणं हे सगळं येतं. आपल्याकडे ही कामं नातेवाईक करतात नाहीतर आया, मावशी. बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीला आधी हे अपमानाचं वाटू शकतं. पण नीट विचार केला तर भाषा तोकडी असताना रुग्ण समजून घेण्याची हीच जागा आहे. पाठ पुसताना हाताला लागणारी खपली, घास गिळताना होणारा विलंब, उठताना कुठल्या पायावर भार टाकायचं टाळलं जातं, पाणी किती प्यायलं. हे बघता बघता तिची नजर तयार होते. वर्षभरानं बोली कळू लागते, पण नजर आधी आलेली असते. जाणाऱ्या मुलींना आपण हे अगोदर सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. क्लासमध्ये व्याकरण घोकून घेतात ते बरंच आहे, पण पहिल्या सहा महिन्यांत त्यांना तारणारी गोष्ट दुसरीच असते आणि ती कुणी सांगत नाही, म्हणून कित्येकींना तो काळ निव्वळ अपयशाचा वाटतो.

परक्या भाषेत विचार करण्याची रीतही बदलते, याला प्रयोगशाळेतूनही थोडा आधार मिळतो. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ बोआझ कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांपुढे एक पेच ठेवला: रोगाची साथ आली आहे, सहा लाख माणसं मरणार आहेत. एका औषधानं नक्की दोन लाख वाचतील. दुसऱ्यानं सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. हाच पेच ‘दोन लाख वाचतील’ असा मांडला की माणसं खात्रीचा पर्याय घेतात. ‘चार लाख मरतील’ असा मांडला की जुगार खेळतात. हिशेब एकच, शब्द फिरवले की निर्णय फिरतो. पण हाच प्रश्न परक्या, शिकलेल्या भाषेत विचारला तेव्हा शब्दांच्या फिरवाफिरवीचा परिणाम ओसरला. इंग्रजी मातृभाषा असून जपानी किंवा फ्रेंच शिकलेले आणि कोरियन मातृभाषा असून इंग्रजी शिकलेले, अशा वेगवेगळ्या गटांत हे दिसलं.

परक्या भाषेत शब्द आपल्या काळजाला तितकेसे चिकटत नाहीत, म्हणून डोकं थोडं थंड राहतं, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. दुसरं असं, की परकी भाषा वापरताना मुळातच सावकाश आणि जपून विचार करावा लागतो. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे सारख्या जोरानं दिसलेला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरीही निर्णय घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं तो विचार करण्याजोगा आहे. रांगेनं जखमी पडलेत, आधी कुणाला टेबलावर घ्यायचं हे ठरवायचं आहे, चारी बाजूंनी आक्रोश चालू आहे. तो आक्रोश मातृभाषेत ऐकणं आणि दोन वर्षांपूर्वी शिकलेल्या भाषेत ऐकणं यांत फरक पडत असणार.

पण परक्या देशात नुसतं राहून यातलं काही मिळत नाही. आपल्या माणसांत राहायचं, आपल्याच भाषेत दिवस काढायचा आणि परक्या भाषेशी दुकानापुरता संबंध ठेवायचा, असं वीस वर्षं करता येतं. परदेशातली महाराष्ट्र मंडळं मला मोलाची वाटतात. गणपती, दिवाळी अंक, मुलांच्या मराठी शाळा यांनी माणसाला धीर येतो. मात्र ही विद्या मंडळात येत नाही. ती तिथे येते जिथे आपलं काम परक्या भाषिकांवर अवलंबून आहे आणि त्यांचं आपल्यावर. कोटणीसांचे विद्यार्थी त्यांच्याकडून शिकले नसते तर पुढच्या लढाईत जखमी मेले असते. गरज दोन्ही बाजूंनी तेवढी तातडीची होती.

डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या आयुष्यातही हेच आहे, आणि तिथे उलथापालथ आणखी मोठी. 1884 साली वर्धा भागात जन्मलेले हे क्रांतिकारक बाहेर पडले ते लष्करी शिक्षण घेऊन इंग्रजांशी लढण्यासाठी. कॅलिफोर्नियातल्या टमालपाईस लष्करी अकादमीत ते शिकले, गदर चळवळीत उतरले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. दरम्यान अमेरिकेत शेतीशास्त्राची पदवी घेतली होती. 1924 मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात शिकवू लागले. भाषा स्पॅनिश. तलवार बाजूला राहिली आणि मक्याचं कणीस हातात आलं.

चापिंगोतल्या वर्गाइतकेच खानखोजेंना शेतकरी महत्त्वाचे वाटत. त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या, त्याला चित्रकार दिएगो रिवेराचा पाठिंबा होता. आता इथली गंमत अशी, की स्पॅनिश ही खानखोजेंना जशी परकी तशीच मेक्सिकोतल्या कित्येक शेतकऱ्यांनाही मागाहून शिकलेली. त्यांच्या घरात नाव्हात्ल आणि इतर मूळ रहिवाशांच्या भाषा. शिकवणारा आणि शिकणारा दोघंही उसन्या भाषेत. अशा वेळी बियाणं, रोप, कणीस हेच मुख्य बोलणं होतं. मका आणि त्याचं रानटी भावंड तेओसिंते यांच्या संकरावर खानखोजेंनी काम केलं. त्यांच्या मक्याची छायाचित्रं टीना मोदोत्तीनं काढली; ती स्वतः इटलीहून आलेली, मेक्सिकोत परकीच. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यापुढे ठेवता येईल असं छायाचित्र, दाणा मोजता येईल इतकं स्वच्छ. रिवेरानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात भाकरी मोडून वाटणाऱ्या माणसाला खानखोजेंचा चेहरा दिला आहे. बंदूक शिकायला गेलेल्या वर्ध्याच्या माणसाची परदेशात उरलेली ओळख अन्न वाटणाऱ्याची आहे. 1955 मध्ये ते भारतात परतले आणि नागपुरात राहिले. 1967 मध्ये त्यांचं निधन झालं.

कोटणीसांचे सोबती डॉ. बसू यांच्याकडे परत येऊ. ते 1943 मध्ये कलकत्त्याला परतले. कोटणीसांइतकीच वर्षं त्यांनी चीनमध्ये काढली होती आणि भाषा आत्मसात केली होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेव्हा जखमी सैनिक नव्हते, युद्ध नव्हतं. या खेपेला त्यांनी अॅक्युपंक्चर शिकून घेतलं. आधुनिक वैद्यकात मुरलेल्या डॉक्टरनं पन्नाशीच्या आसपास सुई टोचण्याची जुनी चिनी कला विद्यार्थी होऊन शिकायची, ही सोपी गोष्ट नाही. ही कला सांगून शिकवता येत नाही. सुई योग्य खोलीवर गेली की रुग्णाला जडपणा किंवा मुंग्या जाणवतात आणि टोचणाऱ्याच्या बोटांना सुई किंचित धरल्यासारखी लागते. ती पकड ओळखणं हीच निम्मी विद्या. चिनी गुरू शेजारी उभा असतो, तो म्हणतो ‘हं’, आणि विद्यार्थ्याच्या बोटाला ती जागा कळते. चिनी येत नसती तर बसूंना त्या गुरूपर्यंत पोचता आलं नसतं.

1959 मध्ये बसूंनी कलकत्त्यात अॅक्युपंक्चरचे उपचार सुरू केले. भारतात ही विद्या त्यांनी रुजवली असं मानलं जातं. त्यांच्याकडून जे डॉक्टर शिकले त्यांना चिनी शिकावी लागली नाही. कलकत्त्याच्या दवाखान्यात बांगला बोलणारा रुग्ण, बांगला बोलणारा डॉक्टर, आणि डॉक्टरच्या बोटांत चिनी सुई.